आमच्या घरचं मत

मी सरकारी नोकरीतून निवृत्त झालो, पण सरकारची बाजू घेण्याची सवय काही सुटली नाही. सगळी नोकरी लेखा विभागात गेली. पक्ष बदलले, मंत्री बदलले, आम्ही त्याच खुर्च्यांवर बसून होतो. त्यामुळे सरकार कुणाचंही असलं तरी मला ते घरचंच वाटतं. नोटा बंद झाल्या तेव्हा रांगेत ताटकळणाऱ्यांना मी 'जरा कळ सोसा' म्हणत फिरलो होतो. जीएसटी आला तेव्हा सांगितलं, की ज्यांना पावती फाडायची सवय नव्हती तेच बोंबा मारतायत. पेट्रोल वाढलं की म्हणायचो, चालत जा, गुडघे सुधारतील. दर महिन्याला न चुकता पेन्शन जमा होणाऱ्या माणसाला असं बोलायला काही लागत नाही, हे तेव्हा डोक्यात येत नव्हतं.

बोलायला जागाही पक्की होती. सकाळी फिरून आलो की बिबवेवाडीत आमच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर, चहावाल्याच्या समोरच्या कट्ट्यावर आम्ही तिघं बसायचो. एक मार्केट यार्डातले भुसार व्यापारी, आता गाळा मुलांच्या हाती सोपवून मोकळे झालेले. दुसरे निवृत्त मास्तर, त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला. तिसरा मी. व्यापारी धंद्याचं रडगाणं लावायचे, मास्तर दोन्ही बाजूंनी बोलायचे आणि शेवटचा शब्द माझा असायचा. मला हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून मी फोन नेहमी स्पीकरवर टाकून बोलतो. त्यामुळे माझ्या घरातलं निम्मंअधिक कट्ट्याला माहीत असायचं, आणि मला त्याचं काही वाटायचं नाही. लपवण्यासारखं होतं काय?

आमचा मुलगा आयटीत होता. गेल्या वर्षी पेपरात कुठल्या ना कुठल्या कंपनीनं माणसं काढल्याच्या बातम्या रोजच यायला लागल्या. कुणी म्हणे मंदी, कुणी म्हणे अमेरिकेचं धोरण, कुणी म्हणे आता माणसाचं काम यंत्रच करणार. मी म्हणायचो, काही नाही हो, कामचुकार लोकांची छाटणी चाललीय. सरकारी खात्यात ती करता येत नव्हती, हेच आमचं दुर्दैव.

भाऊबिजेला बहीण, मेहुणे, भाचरं सगळी आमच्याकडे जेवायला होती. जेवणं झाल्यावर मेहुण्यांनी विषय काढला, की त्यांच्या शेजारच्या मुलाला काढलं, हुशार होता हो. त्यावर मी म्हणालो, "सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात खरं. पण मी एवढी वर्षं बघतोय, ओलं फारसं जळत नाही. धूर करतं फक्त." सगळे हसले. माझा मुलगा शेजारीच बसला होता. तोही हसला आणि त्यानं चकल्यांचं ताट माझ्याकडे सरकवलं. ते हसणं मी आता पुन्हा पुन्हा आठवून बघतो. त्यात काही वेगळं होतं का? मला तर काहीच दिसलं नव्हतं. मी माझ्याच वाक्यावर खूश होतो.

करोनानंतर तो आठवड्यातले काही दिवस घरून काम करायचा. दिवाळीच्या सुमारास रोजच घरून करायला लागला. मला वाटलं, कंपनीनं सवलत दिली असेल. सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तो आतल्या खोलीत दार लावून बसायचा. मी टीव्हीचा आवाज इतका बारीक करायचो की मला स्वतःला काही ऐकू यायचं नाही. आल्यागेल्याला दबक्या आवाजात सांगायचो, "हळू बोला, कॉल चाललाय त्याचा." त्यात काळजी थोडी आणि मिरवणं जास्त होतं.

संक्रांत होऊन गेल्यावर एक दिवस दुपारी बेल वाजली. दारात एक मुलगी. पाठीला सॅक, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, उन्हानं तोंड लाल झालेलं.

"नमस्कार काका. देशाच्या आर्थिक परिस्थितीबद्दल लोकांचं मत घेतोय आम्ही. सर्वे आहे. थोडाच वेळ लागेल."

एरवी दारावर आलेल्या माणसाला मी उंबऱ्याच्या आत घेत नाही. पण ही मुलगी काही विकायला आली नव्हती, माझं मत विचारायला आली होती. आयुष्यभर मी न विचारता मत देत आलो. विचारायला कुणी घरी येण्याची ही पहिलीच वेळ. मी पंखा लावला, तिला सोफ्यावर बसवलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडलो, "अगं, चहा टाक."

तिनं घरात मोठी माणसं किती, कोण कोण, हे विचारून घेतलं. मोबाइल नंबर विचारला तेव्हा मी माझा दिला. घरातला कर्ता मीच, दुसऱ्या कुणाचा देण्याचा प्रश्नच नव्हता. मग तिनं टॅबवर काहीतरी दाबलं आणि म्हणाली, "काका, दादांचा नंबर आलाय. त्यांना बोलावता का?"

"त्याला कशाला? तो कामात आहे. मला विचार ना. मत मला आहे."

ती हसली. "नियम आहे काका. घरातल्या ज्याला मशीन निवडेल त्यालाच विचारायचं. मी बदलू शकत नाही."

मला राग आला. यंत्र माणसाचं काम काढून घेतं म्हणतात ते खरंच असावं, असं वाटलं. पण नियम म्हटल्यावर माझ्यातला लेखा विभाग नमतो. मी दारावर टकटक करून मुलाला बोलावलं. तो बाहेर आला तेव्हा ती जरा चाचरत म्हणाली, "शक्यतो एकट्यातच विचारायचं असतं, काका."

"आमच्या घरात एकमेकांपासून लपवण्यासारखं काही नाही," मी म्हणालो. "विचार इथंच." आणि मी समोरच्या खुर्चीत ठाण मांडून बसलो. बिचारी काय बोलणार? आमच्या घरांमध्ये हॉल एकच असतो, आणि त्यात घरातला म्हातारा बसलेला असतो.

तिनं पहिला प्रश्न वाचला. गेल्या वर्षभरात देशाची आर्थिक परिस्थिती सुधारली, बिघडली, की तशीच आहे?

"सुधारली," मी म्हणालो.

ती मुलाकडे बघत राहिली. तो म्हणाला, "बिघडली."

"लिहू नकोस गं ते, गंमत करतोय तो," मी म्हणालो. मुलगा माझ्याकडे बघेना. तिनं लिहिलं. महागाईबद्दल विचारलं, सरकारच्या धोरणांबद्दल विचारलं. त्याची उत्तरं एकेका शब्दाची. मध्ये मध्ये मी माझी घालत होतो. ती 'हो काका' म्हणत होती आणि टॅबवर मात्र त्याचंच टिपत होती. मला मौज वाटत होती. संध्याकाळी याची चांगली हजेरी घ्यायची, असं मनात ठरवतही होतो.

मग ती म्हणाली, "आता तुमच्याबद्दल. सध्या तुम्ही नोकरी करता, व्यवसाय करता, काम शोधताय, की यातलं काहीच नाही?"

"नोकरी," मी म्हणालो. "लिही. मोठ्या कंपनीत."

ती थांबून राहिली. आत चहाच्या भांड्यावर चमचा वाजत होता, तो वाजायचा थांबला. मुलानं स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं, मग त्या मुलीकडे बघितलं आणि म्हणाला, "काम शोधतोय."

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून."

काय झालं ते तिला लगेच कळलं असावं. तिची मान खाली गेली. पण पुढचे प्रश्न होते आणि ते तिला विचारावेच लागले. काम का गेलं, किती ठिकाणी अर्ज केले, घरखर्च कसा चालतो, येत्या वर्षात परिस्थिती सुधारेल असं वाटतं का. तो उत्तरं देत होता आणि मी समोर बसून ऐकत होतो. माझ्या घराची हकिगत मी एका परक्या मुलीच्या प्रश्नांतून ऐकत होतो, आणि उठून जायचीही सोय राहिली नव्हती, कारण इथंच विचार असं मीच बजावलं होतं.

मला लाज वाटली. खरं लिहायचं तर पहिली लाज मुलाची वाटली. तिच्यासमोर त्यानं हे सांगायला नको होतं, असं वाटलं. स्वतःची लाज वाटायला संध्याकाळ व्हावी लागली.

मुलगी गेली. जाताना "सॉरी काका" म्हणाली. मुलगा उठून खोलीत गेला. बायको चहाचे कप घेऊन बाहेर आली, तेव्हा मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो."

"सूनबाईला?"

"तिला नसेल का?"

"म्हणजे मला सोडून सगळ्यांना! मला का नाही सांगितलंत?"

"तुम्हाला काय सांगायचं?" तिनं कप माझ्यासमोर ठेवला. "तुमचं मत आम्हाला पाठ आहे."

संध्याकाळी सून शाळेतून आली. ती शिक्षिका आहे, आणि घर तिच्या पगारावर आणि माझ्या पेन्शनवर चाललं होतं, हे मला तेव्हा कळलं. जेवायच्या आधी मी मुलाच्या खोलीत गेलो. पलंगाच्या कडेला बसलो आणि काय बोलावं ते सुचेना म्हणून चिडलो.

"घरात बोलायचं सोडून त्या पोरीला सांगितलंस?"

"तिनं विचारलं, बाबा," तो म्हणाला. "विचारलं आणि गप्प बसली. इथं कोण विचारतं?"

"मी काय तुला खाल्लं असतं?"

"नाही. तुम्ही मला समजावलं असतंत." तो लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत होता. "भाऊबिजेला ते सुकं-ओलं म्हणालात ना, त्याच्या आदल्या आठवड्यात काढलं होतं. तुम्हाला सांगायचं म्हणून मी दोनदा हॉलमध्ये येऊन बसलो. दोन्ही वेळा बातम्या चालल्या होत्या आणि तुम्ही बोलत होतात."

यावर मी म्हणायला हवं होतं, की बाळा, चुकलो. आम्हा लोकांना हा शब्द नाटकात ऐकून माहीत असतो, घरात वापरता येत नाही. मी म्हणालो, "मिळेल रे दुसरी," आणि बाहेर आलो.

कट्ट्यावर मी काहीच सांगितलं नाही. मास्तरांनी सवयीनं विचारलं, "चिरंजीव काय म्हणतायत?" मी म्हणालो, "कामात." जीभ अजिबात अडखळली नाही, याचंच नवल वाटलं. एक-दोन दिवसांनी पुन्हा माणसं काढल्याची बातमी आली. व्यापारी म्हणाले, "तुमचं बरंय, तुमच्याकडं ओला आहे." माझंच वाक्य मी त्यांना ऐकवलेलं होतं. मी हसलो.

अशाच एका सकाळी कट्ट्यावर बसलेला असताना फोन आला. नंबर अनोळखी. मी सवयीप्रमाणे स्पीकरवर टाकला.

"नमस्कार सर. आपल्याकडे मध्यंतरी आमच्या प्रतिनिधी सर्वेसाठी आल्या होत्या. खातरजमा करण्यासाठी फोन केलाय. एक-दोनच प्रश्न. मुलाखत आपल्या चिरंजीवांची झाली का?"

"झाली," मी म्हणालो. व्यापाऱ्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. मास्तरांनी पेपर मिटला. सर्वे म्हटल्यावर दोघांनाही गोडी लागली.

"ते सध्या काय करतात, सर? नोकरी, की काम शोधतायत?"

त्या वेळी माझ्या मनात काय आलं हे मी अनेकदा आठवून बघितलं. काहीच आलं नाही. दोन माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती, एवढंच.

"नोकरी करतो," मी म्हणालो. "चांगल्या कंपनीत आहे."

"नक्की ना, सर?"

"अहो, माझा मुलगा आहे. मला माहीत नसणार?"

त्यानं आभार मानले आणि फोन ठेवला. मास्तर म्हणाले, "सर्वे तुमच्याकडे आला, आमच्याकडे कधी येत नाही." मी म्हणालो, "माणूस बघून येतात." दोघं हसले. वेळ निभावून नेली याचं मला समाधान वाटलं, हे लिहिताना हात थांबतो, पण वाटलं होतं.

बजेटच्या दिवशी आमच्याकडे बैठक असते. वर्षानुवर्षांची पद्धत आहे. अर्थमंत्र्यांचं भाषण सुरू व्हायच्या आधी व्यापारी आणि मास्तर येतात, पोहे होतात, करात सूट मिळणार की नाही यावर पैज लागते आणि हरणारा जिलेबी आणतो. यंदा बायको म्हणाली, "या वर्षी राहू द्या ना." मी म्हणालो, "नाही बोलावलं तर शंका घेतील." मुलगा नेहमीसारखा इस्त्रीचा शर्ट घालून आतल्या खोलीत दार लावून बसला. मी त्याला तसं सांगितलं नव्हतं. सांगावं लागलं नाही.

पोहे संपत आले होते, भाषण रंगात आलं होतं, तेवढ्यात बेल वाजली. दार उघडलं तर तीच मुलगी. आज टॅब नव्हता. मी बाहेर जिन्यात आलो आणि पाठीमागं दार ओढून घेतलं.

"काका, तुम्ही फोनवर काय सांगितलं?" आज तिची भाषा घाईत गावाकडं वळली होती. "सर म्हणत्यात, मी घरी बसून खोटे फॉर्म भरले. तुमच्या एका फॉर्मवरनं माझे सगळेच रद्द करणार हायत. परत कामावर घेणार न्हाईत."

"अगं, काहीतरी गैरसमज..."

"मी आले होते की नाही, काका? दादांनी सांगितलं होतं की नाही?"

"हळू बोल," मी म्हणालो. "आत पाहुणे आहेत."

मग ती आवाज खाली आणून, शुद्ध बोलायचा प्रयत्न करत म्हणाली, "तुम्ही फक्त सरांना फोन करा. जे खरं आहे ते सांगा. दुपारी ते रद्द फॉर्मांची यादी वर पाठवणार आहेत, त्याच्या आत. प्लीज." तिनं मला सरांचा नंबर दिला. माझ्या फोनवरून स्वतःला मिस्ड कॉल देऊन घेतला, म्हणजे तिचाही नंबर माझ्याकडे राहिला. कात्रजच्या पुढच्या गावात राहते, असं म्हणाली. गाव आता शहरात आलंय, पण बस तासातासानं येते. "मी खाली थांबते," ती म्हणाली.

मी आत आलो. "कोण होतं?" व्यापाऱ्यांनी विचारलं. "वर्गणीवाले," मी म्हणालो आणि फोन घेऊन गॅलरीत गेलो.

गॅलरीतून फाटक दिसतं. ती फाटकापाशी सावलीत उभी होती आणि वर बघत होती. मी नंबर लावला. स्पीकर बंद केला आणि फोन कानाला दाबून धरला.

"हॅलो," मी म्हणालो. "मी तो... सर्वेवाला. म्हणजे माझ्या मुलाबद्दल..."

"हॅलो? कोण बोलतंय? आवाज येत नाहीये, सर."

"माझ्या मुलाची नोकरी..." मी तोंडावर हात धरला होता.

"सर, जरा मोठ्यानं बोला."

नेमकं त्याच वेळी हॉलमध्ये मास्तर म्हणाले, "शूऽ, शूऽ, आता कर सांगणार." टीव्हीवर अर्थमंत्री पाणी प्यायला थांबल्या असाव्यात. माझ्या अख्ख्या घरात आवाज नव्हता. गॅलरीचं दार उघडं होतं. एक वाक्य मोठ्यानं बोलायचं होतं. माझ्या मुलाची नोकरी गेली आहे. त्यात न समजण्यासारखा शब्द नव्हता आणि कुणी मेलेलं नव्हतं.

"नंतर करतो," मी म्हणालो आणि फोन बंद केला.

खाली बघितलं. ती अजून वर बघत होती. मी हात वर केला. काय म्हणायचं होतं मला? थांब, की जा, की बघतो? मलाच माहीत नाही. तिला वाटलं, झालं काम. तिचं तोंड एकदम उजळलं. तिनं तिथूनच हात जोडले, सॅक खांद्यावर नीट केली आणि बसस्टॉपच्या दिशेनं चालायला लागली. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. ती कोपऱ्यावर वळेपर्यंत मी कठड्याला धरून उभा होतो.

आत आलो तेव्हा कराचं सांगून झालं होतं. मास्तर पैज हरले होते. "बोला," ते म्हणाले, "काय मत आपलं?"

आणि मी मत दिलं. मध्यमवर्गाचा विचार केलाय, म्हणालो. तरुणांच्या हाताला काम मिळेल, असं धोरण दिसतंय, म्हणालो. आतल्या खोलीचं दार बंद होतं, पण ते दार पातळ आहे, हे मला ठाऊक होतं.

मंडळी गेल्यावर मुलगा बाहेर आला. त्याच्या खोलीची खिडकी गॅलरीतच उघडते. "लावा आता फोन," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. मी लावला, तो लागेना. मग त्यानं स्वतःच्या फोनवरून लावला आणि जोरात, स्वच्छ सांगितलं. समोरचा म्हणाला, की आधी ज्यांनी वेगळं सांगितलं त्यांनीच सांगायला हवं. मुलानं फोन माझ्या हातात दिला. बायको दारात उभी होती, सून आत्ताच चप्पल काढत होती.

"माझ्या मुलाची नोकरी गेली आहे," मी म्हणालो. "दिवाळीच्या आधी. मी खोटं बोललो. ती मुलगी खरी आहे."

"सर, यादी गेली," तो म्हणाला. वाईट माणूस वाटला नाही, दमलेला वाटला. "मघाशी कळवलं असतंत तर काही करता आलं असतं. आता वरूनच तिचं काम बंद होतं. आणि सर, खरं सांगू? दोन वेळा दोन उत्तरं दिलीत तुम्ही. आम्ही कुठलं धरायचं?"

हिशेबाच्या खात्यात मीही लोकांना हेच ऐकवत आलो होतो.

त्यानंतर मी कट्ट्यावर गेलेलो नाही. गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. व्यापारी एकदा घरी येऊन मलम देऊन गेले. मुलाच्या अधूनमधून मुलाखती होतात. तो आता खोलीचं दार उघडं ठेवतो आणि मुलाखत चालू असली तरी कुणाला हळू बोलायला सांगत नाही. माझ्याशी तो नीट बोलतो, पाणी हवं का विचारतो, औषधं आणून देतो. इतकं नीट बोलतो की मला त्याच्यासमोर बसवत नाही.

त्या मुलीला फोन करायचं धैर्य जमवायला मला आठवडा लागला. हात वर केला होता, त्याचा अर्थ तिनं काम झालं असा घेतला, आणि मग खरं तिला कधी, कसं कळलं असेल, हे डोक्यातून जाईना. सरांना मोठ्यानं सांगितलं होतं, निदान एवढं तरी तिला कळावं, असं वाटत होतं. म्हणजे त्यातही माझीच सोय होती. सकाळी सगळे घरात असताना हॉलमध्ये बसून फोन लावला, स्पीकरवर.

"हॅलो," तिचा आवाज.

"मी बिबवेवाडीचा काका बोलतोय. सर्वेवाला. मी सांगितलं गं त्यांना. पण उशीर झाला माझ्याकडून. माझी चूक आहे. तुझं काम..."

"हां हां," ती भराभर म्हणाली. "असू द्या काका. होतं असं."

"नाही, ऐक. मी त्यांच्या ऑफिसात येतो तुझ्याबरोबर. लिहून देतो. तुझ्या वडिलांशी बोलू का मी? त्यांना सांगतो, की तुझी काही चूक नव्हती."

"नको!" ती एकदम म्हणाली. मग आवाज खाली गेला, इतका की मी फोन कानाशी नेला. "काका, घरी अजून सांगितलं नाही मी. रोज सकाळी निघते तशी निघते. वडील म्हणतात, कामावरनं काढत्यात ते काय उगाच काढत नसत्यात. परत फोन नका करू."

तिच्या मागून एका पुरुषाचा आवाज आला, माझ्याच वयाचा असावा. "कुणाचा फोन हाय गं?"

"ऑफिसचा," ती म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.